दुआ झालेली पेटी

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात आमच्या गावच्या भोंग्याची बातमी आली. फोटोत गावप्रमुख तोक्तोसुन खांबाला हात लावून असा उभा आहे, जणू खांब त्याच्याच पोटचा. खाली छापलंय, ‘गावातल्या ज्येष्ठांच्या अनुभवातून आणि प्रमुखांच्या अथक प्रयत्नांतून घळीतल्या लोंढ्याचा इशारा देणारा भोंगा उभा राहिला.’ बुरुलचं नाव नाही. कोपऱ्यात नाही, कंसात नाही, ‘आणि इतर’मध्येही नाही. तो कागद मी चुलीत घातला आणि मग लिहायला बसले. मी गावच्या दवाखान्यातली नर्स, लिहिण्याची सवय औषधांच्या चिठ्ठ्यांपुरती. पण राग आला की हात चालतो.

बुरुल माझी धाकटी जाऊ. आम्हा दोघींचे नवरे रशियात बांधकामावर. घरात आम्ही दोघी आणि सासरे. सासऱ्यांचं नाव मी लिहिणार नाही. आमच्यात सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि कितीही चिडले तरी तेवढं माझ्याच्यानं होत नाही. आयुष्यभर ते सामूहिक शेतीवर इलेक्ट्रिशियन होते. शेती मोडली, यंत्रं भंगारात गेली, पण त्यांनी ओढलेल्या तारा अजून अर्ध्या गावाला उजेड देतात.

बुरुल राजधानीत, बिश्केकला शिकली. तिथल्या एका कारखान्यात ती विजेच्या मीटरमध्ये बसणाऱ्या चिमुकल्या चिपांसाठी कोड लिहायची. माझ्या दिराशी, एर्मेकशी, लग्न करून इथे डोंगरात आली. पहिल्या आठवड्यात तिनं केलेल्या शेवया कमरपट्ट्यासारख्या जाड होत्या. सासरे एक अक्षर न बोलता खात राहिले आणि नंतर मला हळूच म्हणाले, “हिला कणकेपासून लांब ठेव.” पण तिचा चष्मा मोडला आणि ती चिकटपट्टी लावून फिरायला लागली, तेव्हा न सांगता ओश शहरात जाऊन नवा आणला तोही त्यांनीच. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला एवढं चिडायची गरज पडली नसती.

गावातल्या बायका तिच्याकडे टीव्हीचे रिमोट घेऊन येत. “मी रिमोटवाली नाही,” ती म्हणायची, “आणि बॅटरी उलटी घातलीय तुम्ही.” सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं खिशात कोंबत ती लॅपटॉपसमोर बसायची आणि चिपेशी बोलायची. “काय झालं तुला? जेवलीस का?” असं. मला आधी वाटलं, पोरगी एकटी पडलीय. मग कळलं, तिला कामच तसं करता येतं.

गेल्या वसंतात घळीतून चिखलाचा लोंढा आला. दरवर्षीच येतो, पण त्या वर्षी मोठा होता. खालच्या गल्लीतली गोठ्यांची रांग गेली, बालवाडीचं स्वयंपाकघर गेलं. स्वयंपाकीण आजारी म्हणून त्या दिवशी पोरांना लवकर घरी सोडलं होतं, एवढंच आमचं नशीब. महिनाभर पुरुषमंडळी चायखान्यात बसून ‘काहीतरी केलं पाहिजे’ म्हणत राहिली. केलं बुरुलनं. तिची योजना साधी होती. वर घळीत आडवी एक तार ताणायची. लोंढा आला की तार तुटणार, तार तुटली की गावाच्या वरच्या टेकाडावरचा भोंगा वाजणार, आणि गाव त्याच टेकाडावरच्या कब्रस्तानाकडे पळणार. तार तुटली हे ओळखून भोंगा वाजवायचं काम खांबावरच्या पेटीतल्या चिपेचं.

हे सगळं तिनं ओळखीच्या जुन्या चिपेवर आखलं होतं. ती चिप बाजारात मिळेनाशी झाली, म्हणून ओशहून नवी आली. दुकानदार म्हणाला, “तीच आहे, फक्त जास्त वेगवान.” ‘तीच आहे’ म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, आमच्या दवाखान्यात औषधंही अशीच येतात. तिनं चिप बसवलेले दोन बोर्ड घेतले, एक खांबासाठी, एक जास्तीचा. आमच्या जेवणाच्या टेबलावर तिनं कोड चढवला, तारेचं टोक काढलं की बारका भोंगा चिवचिवायचा. सासरे शेजारी बसून ऐकत होते आणि चिवचिवाट झाला की मान हलवत होते.

मग आशार झाला. आमच्याकडे मोठं काम निघालं की सगळं गाव फुकट राबतं आणि काम काढणारा सगळ्यांना जेवू घालतो, त्याला आशार म्हणतात. पुरुषांनी खांब पुरला, आम्ही कढईत उझगेनच्या तांदळाचा पलाव चढवला. घळीपासून खांबापर्यंतची तार सासऱ्यांनी स्वतः ओढली, जमिनीखालून, लोखंडी नळातून, एकसंध. पेटीतली जोडणीही त्यांनीच केली. तार ज्या स्क्रूत घालायची त्यावर बुरुलनं नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता. तार बोटभर कमी पडली. दुसरा कुणी असता तर वीतभर तुकडा जोडून मोकळा झाला असता. पण पेटीत जोड घालणारा माणूस इलेक्ट्रिशियनच नव्हे, असं सासऱ्यांचं जन्मभराचं मत. त्यांनी तार जवळच्या स्क्रूत घातली आणि खांबावरून ओरडले, “सूनबाई, ठिपक्याऐवजी तिसऱ्या स्क्रूत घातलीय. तुझ्या कोडात आकडा बदल.”

बुरुलनं आकडा बदलला. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येक स्क्रू म्हणजे चिपेची एक पिन, आणि जुन्या चिपेला कुठलीही पिन चालायची.

झाकण लागलं. पाऊस आत जाऊ नये म्हणून सासऱ्यांनी स्क्रूंवर डांबर ओतलं. बाहेर राहिली ती खालून लोंबणारी एक केबल, लॅपटॉप जोडायला. मग सगळे अक्साकाल, म्हणजे गावचे पांढऱ्या दाढीचे वडीलधारे, खांबाभोवती उभे राहिले, तळवे उघडले, सासऱ्यांनी दुआ मागितली आणि सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. तोक्तोसुननं खाली बुंध्यापाशी खटका दाबला.

काही नाही. चिप जागी असली की पेटीच्या तळाशी जो हिरवा दिवा लुकलुकायला हवा होता, तोसुद्धा लागला नाही.

सगळ्यांच्या माना कुणाकडे वळल्या असतील? तार ओढणाऱ्याकडे नाही. झाकण लावणाऱ्याकडे नाही. बुरुलकडे.

“प्रोग्राम चुकला वाटतं,” तोक्तोसुन म्हणाला, वर मोठ्या मनानं. “होतं असं. पोरीची घाई झाली असेल.”

पोट भरून पलाव खाल्लेल्या माणसाचा तो मोठेपणा बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुरुल मात्र शांत होती. “बघते,” एवढंच म्हणाली.

आणि मग तिचं बघणं सुरू झालं. रोज सकाळी लॅपटॉप पिशवीत घालून ती टेकाडावर जायची, केबल जोडायची, नवा कोड चढवायची. वीज मोजली, बरोबर. केबल बदलली. भोंग्याचं सगळं काढून टाकलं आणि नुसता दिवा लुकलुकवणारा चार ओळींचा कोड चढवला. टेबलावरच्या बोर्डावर दिवा लुकलुकला, खांबावरचा ढिम्म. थंडीमुळे असेल म्हणून एक दिवस उन्हं तापेपर्यंत थांबली.

“एजे,” एकदा परत येऊन ती मला म्हणाली, आणि एजे म्हणजे मोठी बहीण, मला ती तसंच म्हणते, “गंमत बघा. मी कोड पाठवला की ती मुकाट घेते. एकही तक्रार नाही. घेते, पण करत काही नाही.”

“माझ्या नवऱ्याची आणि तिची ओळख आहे का विचार,” मी म्हटलं.

ती हसली, पण मग हसताहसता थांबली. “पण एवढ्या सहज का घेते?” स्वतःशीच म्हणाली आणि बियांची मूठ तशीच टेबलावर ठेवून उठली.

गावात तोवर बोलणं वाढलं होतं. दुकानात, विहिरीवर, माझ्या दवाखान्याच्या बाकावर. सुई टोचून घेताना बाया मला सांगायच्या, “तिला येत नाही म्हणे. बिश्केकला काय शिकली कुणास ठाऊक.” मी सुई जरा जोरात टोचायची. तोक्तोसुननं तर ओशहून ‘एखादा चांगला मुलगा’ बोलवायची भाषा सुरू केली. मुलगाच हं, मुलगी नव्हे.

शेवटी बुरुलनं घरातल्या जास्तीच्या बोर्डाला हुबेहूब खांबावरच्या पेटीसारखं जोडायला घेतलं, एकेक तार. प्रत्येक तारेनंतर वीज बंद, वीज चालू. दिवा लुकलुकत राहिला. घळीतल्या तारेच्या जागी तिनं एक तुकडा तिसऱ्या स्क्रूत घातला, दुसरं टोक अर्थिंगच्या, म्हणजे जमिनीच्या, स्क्रूला जोडलं, वीज बंद केली, चालू केली.

दिवा मेला.

तिनं तुकडा काढला, दिवा जिवंत. घातला, मेला. मग चिपेसोबतची जाडजूड माहिती उघडून ती वाचत बसली, आणि अशी एक शिवी दिली की मी दार लावून घेतलं.

“एजे, ही नवी चिप जागी होताना आधी त्या तिसऱ्या पिनकडे बघते. ती पिन जमिनीला जोडलेली दिसली की समजते, कुणीतरी नवा कोड चढवायला बसलंय. मग पोटात आहे तो कोड चालवतच नाही. वाट बघत बसते. म्हणून तर माझा कोड इतक्या सहज घेत होती! आपली तार तुटेपर्यंत जमिनीला जोडलेलीच असणार. म्हणजे ती कायम वाटच बघणार. चूक माझीही आहे, आकडा बदलायच्या आधी मी हे वाचायला हवं होतं. पण तार ठिपक्याच्या स्क्रूत गेली की झालं. बोटभर तुकडा जोडायचा, दहा मिनिटांचं काम.”

मला वाटलं, संपलं. मी मूर्ख.

बुरुलनं सासऱ्यांना सांगितलं, हळू आवाजात, नजर खाली ठेवून. आमच्याकडे सून सासऱ्याशी तशीच बोलते. सासऱ्यांनी सगळं ऐकलं. त्यांना समजलंही, तारांचं त्यांना न समजण्यासारखं काही नव्हतं. पण म्हणाले, “पेटीवर दुआ झालीय.”

दुआ झालेल्या कामाला पुन्हा हात घालायचा म्हणजे दुआ परत केल्यासारखं. ज्यानं ती मागितली त्याच्या दाढीचा अपमान, आणि गावावर संकट. हे मलाही लहानपणापासून माहीत आहे. पण संकट तर डोंगरावरून येणार होतं!

तोक्तोसुन आणि दोन अक्साकाल आमच्या घरी चहाला बसले. बुरुल पेले भरत होती. तिच्याच चिपेबद्दल, तिच्याच कोडाबद्दल तिच्या डोक्यावरून चर्चा चालली होती.

“पेटी न उघडता होण्यासारखं काही आहे का, ते विचारा तिला,” तोक्तोसुन सासऱ्यांना म्हणाला. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर होती.

“एक आहे,” बुरुल चहाच्या पेल्याकडे बघत म्हणाली. “चिप जागी होताना तार सुटलेली हवी. घळीत जाऊन तार सोडायची, खाली मी खटका बंद करून चालू करणार, मग तार परत बांधायची. मी कोडात थोडी सवड ठेवीन, तेवढ्या वेळात भोंगा वाजणार नाही. पण...”

“झालं तर मग!” तोक्तोसुननं मांडीवर थाप मारली.

“पण वीज गेली की सगळं परत,” ती म्हणाली. “वीज आली की चिप पुन्हा वाट बघत बसणार.”

आमच्याकडे वीज रोज जाते. वाऱ्यानं जाते, पावसानं जाते, कधी नुसतीच जाते. बॅटरी मागितली होती तर ‘पुढच्या वर्षी’ असं उत्तर आलं होतं. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल.

“मग पाळी लावू,” एक अक्साकाल म्हणाले. “वीज आली की ज्याची पाळी तो घळीत जाईल.”

आणि लावली! गावातल्या धडधाकट, शहाण्यासुरत्या पुरुषांनी, दहा मिनिटांची पेटी उघडायची नाही म्हणून, वीज आली की घळीत जाऊन तार सोडायची आणि टोपी हलवून खूण करायची पाळी लावून घेतली. खाली बुरुल खटका दाबणार, हिरवा दिवा लागला की ओढणी हलवणार, मग वरचा माणूस तार बांधणार. तार मधेच कुठे सोडता येत नव्हती, नळातून एकसंध होती ना. मी दवाखान्यातून येताजाता ही सर्कस बघायची. एका मनगट मुरगळलेल्याला मी पट्टी बांधली, दगडावरून घसरला होता. “दुआ मोडली नाही ना?” मी विचारलं. “नाही नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. टोमणाही यांना लागत नाही.

एकदा जेवताना बुरुल सासऱ्यांना म्हणाली, “आताके, तार सोडायला माणूस जिथे उभा राहतो, लोंढा तिथूनच येतो.” आताके म्हणजे बाबा.

“पाऊस असला तर कोण कशाला जाईल?” ते म्हणाले.

पण वीज पावसातच जाते. आणि सासरे शब्दाचे पक्के.

मे महिन्यात एके दिवशी सकाळपासून डोंगर दिसत नव्हता. वर काळं, खाली करडं, आणि पाऊस असा की आमच्या अंगणातल्या जर्दाळूची हिरवी फळं गळून चिखलात पडत होती. वीज सकाळीच गेली होती. दुपारी आली. टीव्ही आपोआप सुरू झाला, फ्रीज गुरगुरला, आणि सासऱ्यांनी खुंटीवरचा रेनकोट काढला. पाळी त्यांची होती.

बुरुल दारात जाऊन उभी राहिली. मधोमध. आमच्यात सून सासऱ्याच्या वाटेत आडवी येत नाही. हातात पाण्याचं भांडं असलं तरी थांबते, त्यांना जाऊ देते. माझ्या हातातली किटली तशीच राहिली.

“बाजूला हो, सूनबाई.”

“नाही होणार.” आवाज कुजबुजीचा नव्हता. “आज घळीत जायचं नाही. पेटी उघडू.”

“वाट सोड.”

“तुम्ही तारांचे माणूस आहात, आताके. तुम्हाला सगळं समजतंय. गावात सगळ्यांना सांगता येत नाही, कारण दुआ तुमच्या तोंडातून निघाली. म्हणून तुम्ही जाणार? एका बोटभर तारेसाठी?”

“मला शिकवतेस?” त्यांनी रेनकोट अंगात घातला. “मी वर जाऊन खूण करीन. खटक्यापाशी असायचं असलं तर ये, नाहीतर नको येऊस.”

ते वाट काढून गेले. तिला ढकललं नाही, पण खांदा लागला. मी किटली आपटली आणि जे तोंडाला आलं ते बोलले, सासरे अंगणाच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुरुलनं लॅपटॉप पिशवीत घातला. “एजे, त्यांच्या हत्यारांची पेटी कुठे आहे?”

हातोडी, पकड, पेचकस, चिकटपट्टी, सगळं त्यांचंच घेऊन आम्ही टेकाडावर पळालो. जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड मी तिच्या डोक्यावर धरलं. तिनं आधी लॅपटॉप जोडला आणि सवडीची ओळ काढून टाकलेला, ठिपक्याच्या स्क्रूचा आकडा असलेला, जुना मूळ कोड चढवला. “निदान वाट बघत बसलीय तर हे तरी घे,” ती चिपेला म्हणाली. मग खटका बंद करून डांबरावर हातोडी घातली. पहिल्या घावाला मी डोळे मिटले. देवाची भीती नाही वाटली मला. डोळे आपोआप मिटले.

झाकण निघालं. आत सासऱ्यांचं काम होतं. एकेक तार ओळीत, मेणाच्या दोऱ्यानं बांधलेली, कोपऱ्यावर अशी वळवलेली की हात लावायची छाती होऊ नये. बुरुलचा हात क्षणभर थांबला.

“किती सुंदर बांधलंय, एजे,” ती म्हणाली आणि तार तिसऱ्या स्क्रूतून ओढून काढली.

तुकडा पिळला, चिकटपट्टी गुंडाळली, ठिपक्याच्या स्क्रूत घातला, आवळला. मी खटका वर केला. हिरवा दिवा लुकलुकला. तार घळीत बांधलेली होती, आणि दिवा लुकलुकत होता. बुरुल खांबाला कपाळ टेकून हसायला लागली, का रडायला, पावसात कळलं नाही.

आणि भोंगा किंचाळला.

“परत बिघडलं?” मी ओरडले.

“नाही! तार सुटली! आताके तारेपाशी पोचले, त्यांनी सोडली!” ती घळीकडे बघत होती. वर ढगात काही दिसत नव्हतं.

गावानं तो भोंगा पहिल्यांदाच ऐकला, पण काय करायचं हे सगळ्यांना माहीत होतं. माणसं चढणीवर पळत सुटली. कुणी गादी घेऊन, कुणी शिलाई मशीन घेऊन, एकानं टीव्ही उचलून आणला होता आणि मागून त्याच्या बायकोनं पोराला. तोक्तोसुन पायात घरच्या सपाता घालून आला. टेकाडावर पोचला, पेटी उघडी बघितली, फुटलेलं डांबर बघितलं, आणि बाकी सगळं विसरला.

“कुणी उघडली?”

भोंगा कानाशी ओरडत होता, खाली अजून माणसं चढत होती, आणि ह्याचा प्रश्न काय, तर पेटी कुणी उघडली!

“बंद कर ते!” तो बुरुलवर ओरडला. “लोंढा नाही, काही नाही, सगळं गाव भिजतंय! अक्साकालनं मागितलेली दुआ तू हातोडीनं...”

पुढचं ऐकू आलं नाही. डोंगरातून आवाज आला. तो आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला सांगावा लागत नाही. दगड दगडावर घासत खाली येतात, जमीन पायाखाली गुरगुरते. मग घळीच्या तोंडातून लोंढा बाहेर पडला. गेल्या वर्षीएवढा मोठा नव्हता. कमरेएवढा, काळा, झाडाच्या मुळांनी भरलेला. खालच्या गल्लीतल्या रिकाम्या अंगणांतून गेला आणि नदीत उतरला. तार ज्या खुंटाला बांधलेली असायची तो जाड खुंट मी माझ्या डोळ्यांनी त्यात वाहून जाताना बघितला.

बुरुल घळीकडे धावली. मी तिला कमरेपाशी धरून ठेवलं. भोंगा वाजतच होता, तार जोडल्याशिवाय थांबणार नव्हता तो, आणि कुणी त्याला बंद करा म्हणेना.

मग वरच्या मेंढ्यांच्या वाटेनं एक माणूस येताना दिसला. टोपी नव्हती, एक बूट नव्हता. सासरे चालत आले, आम्हा सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले, श्वास घेतला.

“तार सोडली आणि भोंगा वाजला,” ते म्हणाले. “कधी वाजत नाही तो. मला वाटलं, खरंच काही आहे. म्हणून कड्यावर चढलो.”

बुरुलनं खटका बंद केला. एकदम इतकी शांतता झाली की पावसाचा आवाज परत ऐकू यायला लागला. मग तोक्तोसुन पुढे आला.

“अक्साकाल, तुम्ही सुखरूप आहात, देवाची कृपा. पण ही पेटी... तुमच्या दुआची पेटी...”

सासऱ्यांनी पेटीकडे बघितलं. पट्टी गुंडाळलेला तो ओबडधोबड तुकडा त्यांना दिसला.

“मी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “उघडायला मीच सांगितलं होतं.”

लगेच सगळीकडे माना हलल्या. “हां, मग हरकत नाही.” “अक्साकालनीच सांगितलं तर.” “अनुभवी माणूस.” एका वाक्यात म्हाताऱ्यानं तिला लोकांच्या बोलण्यापासून वाचवलं होतं आणि त्याच वाक्यात तिचं सगळं काढून घेतलं होतं. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी बुरुल बोलली. चष्म्यावरून पाणी गळत होतं, डोक्यावर ओढणी नव्हती, अख्खं गाव समोर होतं, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली.

“नाही. त्यांनी नको म्हटलं होतं. पेटी मी उघडली.”

तोक्तोसुननं सासऱ्यांकडे बघितलं, आता म्हातारा काय करतो म्हणून. सगळ्यांनीच बघितलं. सासऱ्यांनी उघड्या डोक्यावरचं पाणी हातानं निपटलं आणि घळीकडे बोट केलं, जिथे आता खुंटही नव्हता आणि तो सपाट दगडही नव्हता ज्याच्यावर उभं राहून पाळीचा माणूस टोपी हलवायचा.

“ऐकलंस ना?” ते तोक्तोसुनला म्हणाले. “तिनं उघडली. भोंगा वाजला तेव्हा मी तिथे उभा होतो.”